सूर धरणारा

सनईवादक संघाच्या बैठकीत कुणी पेन्शन मागितली, कुणी ओळखपत्र. भिवाआबा म्हणाले, "मला सनईमागे अखंड सूर धरणारा माणूस द्या. भाऊ गेल्यापासून सनई असून मुका झालोय."

"आबा, माणूस चहा मागतो, रुसतो!" अध्यक्ष हसले. "मोबाईलचा सूर थकत नाही. वाजवा बघू." त्यांनी आबांच्या शेजारी मोबाईल ठेवून सूर लावलाही.

मांडवावर वेल चढावी तशी आबांची सनई आयुष्यभर भावाच्या सुरावर चढली होती. आजही चढली. सगळ्यांनी डोळे मिटले. मध्येच आबांचा दम तुटला. सवयीनं त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथून भाऊ डोळ्यांनीच म्हणायचा, "घे दम, मी आहे."

तिथे मोबाईल होता. सनई ओठांवरून गळली, आबा लोडावर कलंडले.

आता पुढची तान येईल, म्हणून सभा डोळे मिटून वाट पाहत राहिली. सूर चालूच होता.