काळ्या वाघाचा गुडघा

फ्रीस्टाइलच्या जोडीच्या कुस्तीत विदर्भाचा पट्टा सलग तीन वर्षं 'काळे वाघ' या नकाबवाल्या जोडीकडेच राहिला. त्यातला एक वाघ म्हणजे उमरेडचा चंपतराव, पण हे घरीदेखील सांगायची कुस्त्या भरवणाऱ्या ठेकेदाराची मनाई होती.

मग भर रिंगणात चंपतरावचा गुडघा मोडला. ठेकेदारानं त्याचा नकाब दुसऱ्या पहिलवानाला चढवला आणि म्हणाला, "पाय बरा झाला का ये गा. जागा तुयीच आहे."

गुडघा काही पुरता बसला नाही. तरी जागा परत मागायची म्हणून चंपतराव कस्तुरचंद पार्कावरच्या कुस्तीला आला आणि गर्दीत बसला. लोकांना संशय येऊ नये म्हणून नवा वाघ थेट त्याच्यासारखाच पाय ओढत रिंगणात उतरला.

"मोडक्या पायानं लढून राहिला बिचारा!" लोक हळहळले. जोडी जिंकली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं तर डोळेच पुसले.

चंपतराव उठला आणि पाय ओढत ठेकेदाराकडे निघाला.



"अबे, बस ना खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. "वाघाची नक्कल करून राहिला लेकाचा!"