लिंपणातला आवाज

युद्धगुन्हे न्यायालयात भिंतीच्या लिंपणाचे एकेचाळीस तुकडे होते. ओली माती वाळताना आसपासचा आवाज धरून ठेवते आणि यंत्राने तो पुन्हा वाचता येतो. नऊ तुकड्यांत गावावरच्या गोळीबाराचा हुकूम सापडला आणि तो देणाऱ्या कर्नलला जन्मठेप झाली. सरकारी वकील मृणालिनी सोवनींचा हा शेवटचा खटला. उरलेले तुकडे न वाचताच उद्या सीलबंद होणार होते.

"वकीलबाई, लई उपकार झाले," साक्षीदार अंजिराबाई म्हणाल्या. "गोळीबारात माझा ल्योक हणमा गेला. त्याच सकाळी मी भिंत लिंपत होते, तो सारखा मधे येत होता. त्याचा आवाज असंल का वो? माझ्या शिव्याच जास्त निघतील म्हणा."

"निघू देत. तुम्ही दाखवली नसती, तर ही भिंत आम्हाला सापडलीच नसती."

सोवनींनी न्यायाधीशांची परवानगी आणून एकेक तुकडा यंत्रात ठेवला. सव्विसाव्यात मुलाचं हसणं मिळालं. कालावधी चार पूर्णांक दोन सेकंद.