यादीतली खानावळ

दारव्ह्याच्या बसस्थानकामागील खानावळीत पुण्याहून आलेला एक तरुण पाटोडीचा रस्सा चवीने जेवत होता. मित्राने मोबाइलवर धाडलेल्या यादीत सारे होते: कुठे उतरावे, काय पाहावे, कुठे जेवावे.

"नयनने मुद्दाम तुमच्याचकडे पाठवलं, मावशी."

आपल्या मुलाचे नाव ऐकताच विमलताईंच्या चेहऱ्यावर वर्षभराने ऊन उतरले. "काय लिवलं त्यानं माह्याबद्दल? वाचून दाखव न, बाबू."

तो वाचू लागला. "चव घरची, माया आईची. बाईंना मूलबाळ नाही, म्हणून येईल त्याला पोटच्या पोरासारखं वाढतात."

विमलताईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकर ठेवली.

"तुम्ही ओळखता नयनला?"

"हो," त्या म्हणाल्या, "जेवाले येत होता इथं."