वाळू अजून आली नाही

बहीण न सांगता रेल्वेच्या मालगाड्यांच्या यार्डात, भावाच्या ऑफिसात शिरली तेव्हा तो यार्डमास्तर फळ्यावर नवा आकडा लिहीत होता.

"दादा, वाळू आली का?"

"अजून नाही गं. आली की पहिला फोन तुलाच." त्याने खडू ठेवला आणि तिच्यासाठी खुर्ची पुसली.

तिचा बाटल्यांचा कारखाना होता. नवऱ्यामागे तिने तो एकटीने चालवला होता. काचेच्या भट्टीचं दुखणं असं, की तिला सुट्टी म्हणून नसते. तिच्या पोटात वाळू पडत राहिली पाहिजे. उपाशी ठेवली तर ती स्वतःच्याच विटा खाते, विझवली तर आतली काच गोठून दगड होते. मग भट्टी फोडण्यावाचून इलाज नाही, आणि दुसरी बांधण्याची ऐपत तिच्यात उरली नव्हती. शिल्लक वाळू उद्या सकाळपर्यंत जेमतेम पुरणार होती.

यार्डमास्तरने फोन ओढला. वाळूच्या खाणीपासून इथवरच्या एकेका मोठ्या स्टेशनला त्याने फैलावर घेतलं. "आमच्याकडून केव्हाच पुढे गेली," असं प्रत्येकाने सांगितलं.

"खोटं बोलायलाही काही रीत असते," तो फोन आपटून म्हणाला. "लॉरीवाले आपला माल पळवतात म्हणून गळे काढायचे, आणि आहेत ते डबे सांभाळता येत नाहीत. तू जा घरी. सकाळच्या आत वाळू तुझ्या दारात येईल. माझा शब्द."

बहिणीचे डोळे भरून आले. आपल्यासाठी कुणी भांडतंय, एवढंही सुख बऱ्याच दिवसांत तिच्या वाट्याला आलं नव्हतं. ती त्याचा हात दाबून निघाली.

यार्डमास्तर काही नाटक करत नव्हता. तो खरंच चिडला होता. पण फळ्यावरच्या त्या आकड्यात त्याचा जीव अडकला होता. रेल्वेचं गिऱ्हाईक रस्त्याने पळत होतं, म्हणून मुख्य ऑफिसने फर्मान काढलं होतं: कुठल्या यार्डात डबे किती वेळ पडून राहतात ते मोजा, आणि जिथे फार पडून राहतात ती यार्डं बंद करा. त्यावर यार्डमास्तरने तोड काढली. आलेली गाडी आत घ्यायचीच नाही. डबे ज्याच्या त्याच्या कारखान्यात पोचवणारं इंजिन मोकळं झालं की मगच घ्यायची. तोवर ती वळणापलीकडच्या लहान स्टेशनात उभी. तिथला वेळ कुणाच्याच हिशेबात धरला जात नव्हता. अट एकच होती. त्या गाडीत काय आहे, ते विचारायचं नाही. विचारलं की गाडी ताब्यात घेतल्यासारखी, आणि घड्याळ सुरू. अशाने यार्ड यादीच्या तळातून वर आलं. कुणाची नोकरी गेली नाही. माणसं त्याला देव मानत होती, आणि देवाला कुणी उलट प्रश्न करत नाही.

डबे जोडण्या-सोडण्याच्या, म्हणजे शंटिंगच्या जमादाराने मात्र केला. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. तो मघापासून दारात घुटमळत होता.

"साहेब, वळणापलीकडे दोन गाड्या उभ्या आहेत. सायकलवर जाऊन बघून येऊ का? चुकून ताईंची वाळू असली तर?"

यार्डमास्तरने फळ्याकडे पाहिलं. महिन्याचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी आकडे जायचे होते, आणि यार्ड देशात पहिलं येण्याच्या बेतात होतं. पहिल्या आलेल्या यार्डाला मग कित्येक वर्षं कुणी हात लावणार नव्हतं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो म्हणाला. "सगळे पुढे गेली म्हणतात, म्हणजे मागेच कुठेतरी लोळत पडली असणार."

पैलवान मान हलवून गेला. यार्डमास्तरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याला भीती वाटत होती. कशाची, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. न विचारण्याची आता सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्य ऑफिसचा फोन आला. यार्ड पहिलं आलं होतं. तुमची पद्धत आता सगळीकडे लावू, असं मोठे साहेब म्हणाले. माणसांनी यार्डमास्तरला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. तेवढ्यात इंजिन मोकळं झालं आणि वळणापलीकडच्या दोनपैकी पहिली गाडी आत आली.

गाडी थांबल्यावर तो डब्यांच्या कडेने चालत गेला. मधल्या एका डब्यापाशी पैलवान उभा होता. त्याने नुसती ताडपत्री वर केली. खाली पांढरीशुभ्र वाळू होती. तसली वाळू या भागात एकच कारखाना मागवत असे. ताडपत्रीच्या घडीत पाखरांनी काड्या आणून घरटं मांडलं होतं. एका दिवसाचं काम नव्हतं ते.

यार्डमास्तर ऑफिसात परतला. माणसांना त्याने बाहेर जायला सांगितलं आणि बहिणीला फोन लावला.

"आली," एवढंच तो म्हणाला.

एरवी कारखान्यात फोन लावला की मागे भट्टीची घरघर ऐकू यायची. ती आज नव्हती.

"सकाळी विझवली, दादा," बहीण म्हणाली. "तू जिवाला लावून घेऊ नकोस. तू कुठे कमी पडलास? काल तुझ्याकडून परत आले तर लॉरीवाला वाळू घेऊन दारात उभा होता. भाव दुप्पट सांगत होता, तरी घेणार होते मी. पण तू माझ्यासाठी किती भांडलास ते डोळ्यांनी बघून आले होते ना, म्हणून त्याला परत पाठवला."