आईवरचा लेख

"तू बाजूला हो," आई म्हणाली. "मी करते."

हेजू बाजूला झाली. रविवारची दुपार होती. सोल शहरातल्या मांगवन बाजाराजवळचं ते बर्गरचं दुकान गच्च भरलं होतं आणि ऑर्डर घेणाऱ्या दोन मशीनपैकी एक बंद पडलं होतं. आईच्या मागे सात-आठ माणसं उभी होती.

महिन्यापूर्वी हेजूने वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात याच दुकानात झालेल्या आईच्या फजितीवर लिहिलं होतं. सदर खुसखुशीत, आजकालच्या जगण्याला चिमटे काढणारं. 'आई विरुद्ध मशीन' या लेखाने तर सगळ्या सोलला हसवलं. आईने तो वाचला का, हे विचारायचं धाडस मात्र तिला झालं नव्हतं. आज सकाळी आईचाच फोन आला, "जेवू नकोस. बर्गर खायला जाऊ."

आईने हातमोजा काढला, पडद्यावरच्या कोळंबीच्या बर्गरवर बोट टेकवलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, जोरात. मग तिसऱ्यांदा.

'माझी आई मशीनला दारावरची बेल समजते,' असं हेजूने लिहिलं होतं. आता ती शेजारून बघत होती. बोट बरोबर जागेवर पडत होतं, मशीनलाच ते कळत नव्हतं. चाळीस वर्षं आईने लोकांचे कपडे उसवले, शिवले, गरम इस्त्रीखालून ओढले. बोटांची टोकं पार गुळगुळीत, कोरडी झाली होती.

आईने बोट वाकवून पेरानं दाबलं. बर्गर निवडला गेला. पेय. इथेच खायचं की घरी न्यायचं. आई प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचत होती. मागे कुणीतरी उसासा टाकला. आई पर्समधून कार्ड काढेपर्यंत पडदा लुकलुकला आणि सगळं पुसून पुन्हा पहिल्या पानावर आला.

"आई, मी–"

"बाजूला हो म्हटलं ना."

रांगेतली एक मुलगी मैत्रिणीच्या कानाशी लागली, पण आवाज काही दबला नाही. "अगं, सेम त्या लेखातल्यासारखं! शेवटी ती आई काय म्हणते? 'मला कुठे भूक होती!'" दोघी खुदखुदल्या.

हेजूच्या कानशिलांत रक्त चढलं. ते वाक्य तिनेच सजवलं होतं, तीनदा खोडून.

आई वळली. आवाज चढवला नाही. "होती," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं मी. मागची माणसं खोळंबली म्हणून निघून गेले."

मुलींचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांना काहीच उमगेना. मागून एक माणूस करवादला, "मावशी, तुम्हाला जमत नसेल तर पुढच्यांना तरी जाऊ द्या!"

आईचे खांदे आक्रसले. कार्ड पुन्हा पर्सकडे निघालं.

हेजू पुढे झाली. पण मशीनला तिने हात लावला नाही. आईकडे पाठ करून ती रांगेच्या समोर उभी राहिली.

"वेळ लागेल," ती म्हणाली. "तो लेख लिहिणारी मी. ही माझी आई. तिला भूक लागली आहे."

करवादलेल्या माणसाने फोनमध्ये तोंड घातलं. हेजूच्या पाठीमागे पेर पडद्यावर टकटक वाजत होतं, थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. तिला मागे वळून बघावंसं वाटत होतं. ती वळली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग पावती निघाल्याचा करकर आवाज आला.

दोघी खिडकीजवळ बसल्या. आईने बर्गर शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. हेजूच्या हातातला तसाच गार झाला.

"आई, मी यापुढे तुझ्यावर नाही लिहिणार."

"का? लिही की." आईने कागदी रुमालाने एकेक बोट पुसलं. "फक्त छापायच्या आधी मला वाचून दाखव. कुठे हसायचं ते मी सांगेन."