टिट-टप

इंग्रजीचे निवृत्त मास्तर देवराव यांना अडगळीत पडलेले जुने इंग्रजी शब्द गोळा करायचा नाद होता. लेक रोशनी वाडीहून चार दिवसांसाठी माहेरी आली, तसं त्यांनी सहा वर्षांच्या नातीला, हिमानीला, समोर बसवलं.

"टिटप म्हणजे घोड्यावानी उड्या मारत जाणं. हा शब्द कुठून आला, सांगू? घोड्याच्या टापांतून! टिट-टप, टिट-टप. आवाजाचाच शब्द झाला. तुही माय तुह्याएवढी होती तवा या एका शब्दापायी तिनं सारं घर डोक्यावर घेतलं होतं. आता तू हो घोडा!"

हिमानी उठली. बैठकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उंच उंच उड्या मारत गेली अन् तशीच परत आली. वेण्या उडत होत्या, गाल लाल झाले होते. फरशीवर मात्र एवढासाही आवाज झाला नाही.

देवराव हसले. "अवं, तू घोडा हाये का मांजर? वाजव नं पाय!"

हिमानी त्यांच्या कानाशी आली. "आबाजी, आधी बोटं टेकवायची, मंग टाच. मंग नाही वाजत. मम्मीनं शिकवलं. आवाज झाला का पप्पा पट्टा काढते."

देवरावांनी मान वळवली. रोशनी त्यांच्या अगदी मागे उभी होती. ती स्वयंपाकघरातून कधी आली, ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.