आवाज : पारंपरिक

जवळ या मंडळी, सतरंजीवर जागा आहे. गोष्ट लहानशीच आहे, पण ऐकण्याजोगी आहे.

फोंड्याच्या देवळात कुंदामावशीचं कीर्तन रंगलं होतं आणि पहिल्या रांगेत तिचा भाचा तन्मय अंग चोरून बसला होता. समुद्रकाठच्या पार्ट्यांत वाजतं तसलं त्याचं हाऊस संगीताचं नवं गाणं नुकतंच आलं होतं, सोबत चार रिमिक्स. ठेक्यावर घुमणारा त्यातला आलाप मावशीचा. रिमिक्स करणाऱ्या चौघांची नावं गाण्याखाली झळकत होती. आवाजापुढे मात्र त्याने ‘पारंपरिक’ एवढंच लिहिलं होतं. कीर्तनकार मावशीचं नाव तिथे गावठी दिसेल, असं त्याला वाटलं होतं.

मध्यंतरात मावशीच्या गळ्यात हार पडला. रीतीप्रमाणे तो तिने तबलजींना घालायचा, पण तिने तन्मयला पुढे बोलावलं. “तबलजी, आज रुसू नका. या मेल्याने मला समुद्रकाठी नाचवलंय म्हणे.” सभामंडप हसला. हार घालताना ती त्याच्या कानाशी पुटपुटली, “गाण्याखाली माझं नाव शोधलं रे. सापडेना. चष्मा बदलायला झाला वाटतं.”

तन्मयची मान खाली गेली ती वर येईना. “मावशी,” तो कसाबसा म्हणाला, “चष्मा चांगला आहे तुझा.”

मावशीने त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि ती कीर्तनाच्या उत्तररंगाला उभी राहिली.

तो आलाप कधी तुमच्याही कानी पडेल. खुशाल ठेका धरा. फक्त गाणारीचं नाव तेवढं आठवा : कुंदा मांद्रेकर.